शाळेच्या खिचडीतली डाळ आणि कपाशीवरची फवारणी: मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

दर डिसेंबरात विधिमंडळ नागपुरात भरते तेव्हा कापसाचा भाव, सोयाबीनची खरेदी, संत्र्याची फळगळ, कर्जमाफी आणि पीकविमा हे विषय निघतात. ते निघायलाच हवेत. या पत्रातली मागणी त्यांच्यापुढे लहान दिसेल, पण ती त्या सगळ्यांच्या मुळाशी जाऊन भिडते असे मला वाटते. नागपूर विभागातल्या शाळांच्या पोषण आहारात जी तूरडाळ, हळद आणि तिखट लागते, ती राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने विदर्भातल्याच सेंद्रिय आणि नैसर्गिक शेती करणाऱ्या कास्तकारांच्या गटांकडून, पेरणीआधी जाहीर केलेल्या दराने विकत घ्यावी. आपण नागपूर शहरातूनच निवडून येता, म्हणून हे आपल्याला लिहीत आहे. पत्र खुले अशासाठी की ज्या आईबापांची मुले ती खिचडी खातात आणि ज्यांच्या वावरात ती डाळ पिकते, त्यांनाही हा हिशेब तपासता यावा.

शहरात सेंद्रिय अन्नाची बाजू सहसा खाणाऱ्याच्या अंगाने मांडली जाते. धरमपेठेतल्या किंवा रामदासपेठेतल्या दुकानात सेंद्रिय डाळीचे पाकीट हातात घेणाऱ्याला सांगितले जाते की यात पोषण जास्त आहे आणि याने आजार लांब राहतात. यातले किती टिकते ते आधी पाहू. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. दोन वर्षांनी ब्रिटनमधल्या एका गटाने ३४३ शोधनिबंधांचा ताळेबंद मांडला आणि सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट घटक जास्त, तर कॅडमियम हा घातक धातू जवळपास निम्मा असल्याचे दाखवले. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या सुमारे ६९ हजार प्रौढांच्या पाहणीत सर्वांत जास्त सेंद्रिय अन्न खाणाऱ्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण साधारण पाव हिश्शाने कमी आढळले. पण त्याआधी, २०१४ मध्ये, ब्रिटनमधल्या सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत एकूण कर्करोगात असा काही फरक दिसला नव्हता. शिवाय महाग सेंद्रिय अन्न घेणारी माणसे बहुधा जास्त शिकलेली, जास्त कमावणारी आणि तंबाखूपासून दूर राहणारी असतात. त्यांच्या तब्येतीचे श्रेय एकट्या अन्नाला कसे द्यायचे? सेंद्रिय खाल्ल्याने कर्करोग टळतो असे आज कोणी छातीठोक सांगत असेल, तर तो पुराव्याच्या पुढे धावतो आहे. सेंद्रिय शेतीच्या समर्थकांनी हे मान्य केले पाहिजे, कारण कच्च्या दाव्यावर उभी केलेली मागणी पहिल्याच उलटतपासणीत कोसळते.

एक गोष्ट मात्र ठामपणे सिद्ध झाली आहे. सेंद्रिय अन्न खाणाऱ्याच्या शरीरात कीटकनाशके कमी जातात. २००६ मध्ये सिएटल परिसरातल्या २३ शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांचे नेहमीचे जेवण पाच दिवसांसाठी सेंद्रिय केले, तेव्हा मॅलाथिऑन आणि क्लोरपायरीफॉस या दोन कीटकनाशकांच्या लघवीत उतरणाऱ्या खुणा जवळजवळ दिसेनाशा झाल्या. नेहमीचे जेवण सुरू होताच त्या परत आल्या. त्या खुणांनी मुलांना नेमका किती अपाय होत होता हे त्या प्रयोगाने सांगितले नाही. शरीरात कीटकनाशकांचे अंश कुठून येतात एवढे मात्र निर्विवाद दाखवले. यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो बिनबुडाचा नाही. आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या देशव्यापी तपासणीत अन्नाच्या साधारण एक पंचमांश नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश सापडतात, पण कायदेशीर मर्यादेपेक्षा जास्त अंश असलेले नमुने दोन-तीन टक्केच असतात. मग एवढी ओरड कशाला? याचे उत्तर असे की ही मर्यादा एकेका रसायनासाठी स्वतंत्र ठरवलेली असते, आणि मुलाच्या पोटात भाजी, डाळ, तिखट आणि फळ यांच्या वाटेने एकाच दिवशी अनेक रसायने जातात. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त खाते आणि त्याचा मेंदू अजून घडत असतो. युरोपीय संघाने २०२० मध्ये क्लोरपायरीफॉस बंद केले, त्यामागे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणाऱ्या परिणामांची चिंता हे एक मोठे कारण होते. आपल्याकडे त्याच वर्षी केंद्र सरकारने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात क्लोरपायरीफॉसही होते. अंतिम आदेश निघेपर्यंत यादी आटून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाली आणि क्लोरपायरीफॉस बाजारातच राहिले.

तरीही, महोदय, खाणाऱ्याच्या ताटातले हे अंश हा या प्रश्नाचा धाकटा भाग आहे. थोरला भाग नागपूरपासून दीडशे किलोमीटरवर, यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ च्या पावसाळ्यात साऱ्या देशाने पाहिला. जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीची वाढली होती, हवा दमट आणि कोंदट होती. ज्या बीटी बियाण्यावर २००२ पासून भिस्त ठेवली होती त्याला गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली होती, आणि घाबरलेला कास्तकार दोन-तीन औषधे एकत्र करून पुन्हा पुन्हा फवारत होता. सरकारने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर काही जिल्ह्यांत तात्पुरती बंदी घातली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका गेल्या. मरणाऱ्यांत रोजंदारीवर फवारणी करणारे मजूर होते. ज्यांच्या मालकीचे ना वावर, ना पीक, ना औषधाची निवड, अशी ही माणसे. सेंद्रिय अन्नाचा आरोग्यावर काय परिणाम होतो हे विचारताना आपण फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या ग्राहकांच्या पाहण्या चाळतो, आणि पंप पाठीवर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्या हिशेबात धरतच नाही. त्याच्या बाबतीत पुरावा शोधत बसावे लागत नाही. तो दवाखान्याच्या नोंदवहीत आहे.

त्या काळात ज्या औषधांची नावे पुढे आली त्यांत मोनोक्रोटोफॉस होते. जागतिक आरोग्य संघटना त्याची गणना अति घातक वर्गात करते. भाजीपाल्यावर वापरायला त्याला २००५ पासून मनाई होती. पण दुकान तेच, बाटली तीच, आणि कपाशीसाठी घेतलेली बाटली वांग्यावर रिकामी होते की नाही हे पाहायला धुऱ्यावर कोणी उभे नसते. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचे मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले मेली. त्यांच्या स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. त्यानंतरही हे औषध बंद करण्याचा आदेश निघायला २०२३ उजाडले, आणि तेव्हाही उरलेला साठा विकायला मुदत मिळाली. विषाची बाटली गावातल्या प्रत्येक घरात सहज पोचते तेव्हा ती शेतापुरती राहत नाही, हे गंडामनने दाखवून दिले. विदर्भातल्या आत्महत्यांच्या पंचनाम्यांतूनही ते वर्षानुवर्षे दिसत आले आहे.

यावर कृषी खात्याचे ठरलेले उत्तर म्हणजे संरक्षक किट आणि प्रशिक्षण. दोन्ही द्यावेत, माझा विरोध नाही. पण ऑगस्टच्या उकाड्यात, छातीएवढ्या ओल्या कपाशीत, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क आणि अंगभर झगा घालून दिवसभर फवारणी करणे माणसाच्या शरीराला झेपत नाही. मजूर पहिल्या तासातच ते सारे काढून ठेवतो. यात त्याचे अज्ञान शोधू नये. जे औषध सुरक्षितपणे वापरण्याची अट आपल्या हवामानात पाळताच येत नाही, ते औषध आपल्यासाठी सुरक्षित नाही, असाच त्याचा सरळ अर्थ होतो.

आता विहिरीकडे वळू. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटच्या बाबतीत देशातले जे पंधरा जिल्हे ठळकपणे नोंदवले गेले, त्यांपैकी सात महाराष्ट्रातले आहेत आणि त्या सातांत वर्धा, अमरावती, यवतमाळ आणि बुलढाणा हे चार विदर्भातले. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा. त्याहून जास्त नायट्रेट असलेले पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात मिसळले गेले, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होते. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. हे नायट्रेट सांडपाण्यातून आणि गोठ्यातूनही येते, सगळा दोष युरियाचा नाही. पण पिकाला न लागलेले नत्र पावसाबरोबर खाली झिरपते हे कृषी विज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. त्याच नत्राचा एक भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. वजनाला वजन धरले तर तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा आहे. सेंद्रिय शेतात बाहेरचे कृत्रिम नत्र येत नाही. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी नत्र हवेतून घेतात आणि मातीतला सेंद्रिय कर्ब ते धरून ठेवतो. आपल्या काळ्या मातीत हा कर्ब घटत चालला आहे. कर्ब घटला की माती पाणी कमी धरते, आणि कोरडवाहू विदर्भात ऑगस्टमधला पंधरा दिवसांचा खंड पिकाला झेपेल की नाही हे त्या ओलीवरच ठरते. फवारणीचा आणखी एक तोटा शेतकऱ्यांच्या चांगला परिचयाचा आहे: औषध मारले की मावा खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकीटक आधी मरतात, रसशोषक किडी नंतर दुप्पट जोमाने उठतात, आणि पुढची फवारणी आपोआप ठरते.

मजुराचा जीव, गावाची विहीर, वावराचा कस आणि हवा, हे चारही फायदे डाळीचे पाकीट विकत घेणाऱ्याच्या घरात येत नाहीत. माझ्या मागणीचा पाया इथे आहे. ज्या गोष्टीचा लाभ सगळ्यांना होतो तिची किंमत एकट्या ग्राहकाने मोजावी अशी व्यवस्था आपण केली आहे, आणि मग सेंद्रिय अन्न हे श्रीमंतांचे चोचले आहे असे म्हणतो. ते आज तसे आहे हे खरेच. कॉटन मार्केटात पाव-अर्धा किलोच्या हिशेबाने भाजी घेणाऱ्या बाईला सव्वा-दीडपट भाव द्या असे सांगणे अन्यायाचे आहे. पण रासायनिक शेतीची किंमतही बाजारात पूर्ण दिसत नाही. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती तिची खरी किंमत नव्हे. उरलेले सरकारी तिजोरीतून जाते, आणि खतांवरचे हे अनुदान देशभरात वर्षाला दीड लाख कोटी रुपयांच्या वर आहे. याउलट नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाची एकूण तरतूद २,४८१ कोटी. एका बाजूला एवढे वजन ठेवून दुसरी बाजू महाग का, असे विचारता येत नाही. खताचे अनुदान उद्या काढून टाका असे मी म्हणत नाही, त्याने कास्तकार मोडून पडेल. दुसऱ्या पारड्यात थोडे वजन टाका, एवढेच मागणे आहे, आणि ते सरकार आधीच जी खरेदी करते तिच्यातून टाका.

ही खरेदी तूरडाळीपासून का सुरू करावी, हे थोडे विस्ताराने सांगतो. शाळांच्या पोषण आहारासाठी तांदूळ केंद्राकडून, भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. त्यात राज्याला फारसे काही बदलता येणार नाही. डाळ, मसाला आणि तेल राज्याच्या व्यवस्थेतून येते, तिथे निर्णय आपला आहे. विदर्भात तूर बहुतेक वेळा एकटी पेरली जात नाही. कपाशीच्या सहा-आठ ओळी आणि मग तुरीच्या एक-दोन ओळी, अशी ती कपाशीच्या सोबतीने वाढते. सेंद्रिय प्रमाणपत्र एका ओळीला मिळत नाही, अख्ख्या वावराला मिळते. म्हणजे तूर सेंद्रिय हवी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंची कपाशीही फवारणीशिवाय वाढवावी लागते. शाळेने मागितलेल्या डाळीमुळे विष थेट कपाशीतून बाहेर पडते, जिथे ते सर्वांत जास्त पडते आणि जिथे माणसे मेली. त्याच कपाशीच्या सरकीतून तेल काढले की ढेप उरते, ती ढेप आपल्या गाई-म्हशी खातात आणि ते दूध नागपुरात येते. कापूस हे खाण्याचे पीक नाही या समजुतीत आपण हा दुवा विसरून गेलो आहोत.

आकडा मांडून पाहू. पोषण आहाराच्या निकषाप्रमाणे प्राथमिक वर्गातल्या मुलाला दिवसाला २० ग्रॅम डाळ मिळते. एक लाख मुले आणि शाळेचे २०० दिवस धरले तर ४,००० क्विंटल डाळ झाली. डाळ करताना तुरीचा सत्तर टक्के उतारा धरला तर सुमारे ५,७०० क्विंटल तूर. कपाशीतल्या आंतरपिकातून एकरी दोन क्विंटल तूर हाती येते असे मानले, तर जवळपास तीन हजार एकर कपाशी-तुरीचे वावर या एका खरेदीमागे उभे राहते. सेंद्रिय डाळीला किलोमागे ३० रुपये जास्त दिले, तर एका मुलामागे रोजचा वाढीव खर्च ६० पैसे आणि लाख मुलांचा वर्षाचा एक कोटी वीस लाख. हे माझे अंदाज आहेत, आपल्या खात्याने ते स्वतःच्या आकड्यांनी तपासावेत. आकडा दुप्पट झाला तरी राज्याच्या अर्थसंकल्पात तो शोधावा लागेल. गटाने डाळ स्वतःच भरडली तर वाढीव भाव गावातच राहतो. त्यासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळमिल कितीतरी वर्षांपासून उपलब्ध आहे. हळद आणि तिखटाचे प्रमाण अगदी थोडे, पण मिरचीवर फवारणी भरपूर होते, आणि भिवापूरसारखी भौगोलिक मानांकन मिळालेली मिरची आपल्याच जिल्ह्यात पिकते.

सर्वांत गंभीर आक्षेप उत्पादनाचा आहे. सेंद्रिय शेतीत उतारा कमी पडतो, हे जगभरच्या अभ्यासांचे म्हणणे आहे. २०१५ मधल्या एका मोठ्या आढाव्यात ही तूट सरासरी १९ टक्के निघाली. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भाताचे पीक घसरले, चहाचे मळे हवालदिल झाले आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. हे उदाहरण सेंद्रिय शेतीच्या विरोधकांपेक्षा समर्थकांनीच जास्त लक्षात ठेवावे. माती सावरायला तीन-चार हंगाम लागतात, गांडूळखत आणि जीवामृत हुकमाने तयार होत नाही, आणि बंदीने शेतकरी शिकत नाही. म्हणून मी बंदी मागत नाही, खात्रीचे गिऱ्हाईक मागतो. जगाची सरासरी तूट कोरडवाहू काळ्या मातीला जशीच्या तशी लागू होत नाही, हेही पाहिले पाहिजे. शेजारच्या मध्य प्रदेशात, खरगोन जिल्ह्यातल्या काळ्या मातीत, २००७ पासून कापूस, सोयाबीन आणि गहू यांवर सेंद्रिय व रासायनिक शेतीची शेजारी शेजारी तुलना चालू आहे. तिथे पहिल्या चार वर्षांपैकी सुरुवातीच्या दोन वर्षांत सेंद्रिय कापूस आणि गहू कमी पिकले, सोयाबीन जवळपास बरोबरीने आले, आणि खर्च इतका कमी होता की सोयाबीनमध्ये हातात उरणारा पैसा सेंद्रियचा जास्त निघाला. विदर्भातला कास्तकार कमी पिकल्याने जेवढा बुडतो तेवढाच उधारीवर घेतलेल्या औषध-खताने बुडतो. त्याला क्विंटलपेक्षा शिल्लक महत्त्वाची आहे.

शेण कुठून आणायचे, हा प्रश्न याच्या पाठोपाठ येतो. गोठे रिकामे झाले, बैलजोड्या गेल्या, हे खरे आहे. पण या प्रश्नावर अशाच काळ्या मातीत शंभर वर्षांपूर्वी काम झाले आहे. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या कापूस संशोधन केंद्रात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसवली. थोडे शेण आणि भरपूर काडी, हे तिचे सूत्र. पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी कुजायला कठीण, म्हणून ती रस्त्यावर टाकून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. १९३१ मध्ये दोघांनी यावर पुस्तक लिहिले आणि जगातल्या सेंद्रिय चळवळीने पुढे ते आपले मूळ मानले. तेव्हा सेंद्रिय शेती परदेशातून आलेली हौस आहे हा समज सोडून द्यायला हरकत नाही. ती कपाशीच्या शेतात जन्मलेली आहे. आज दर उन्हाळ्यात वऱ्हाड-नागपूरच्या वावरांत पऱ्हाटीचे ढीग पेटवले जातात. ट्रॅक्टरवर चालणारे श्रेडर तालुक्याला पुरेसे मिळाले तर तेच ढीग खत होतील. बियाण्याची अडचण मात्र अधिक खरी आहे. सेंद्रिय प्रमाणपत्रात बीटी चालत नाही आणि बाजारात बीटीशिवाय फारसे काही मिळत नाही. पण केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे, तिने सरळ वाण दिलेले आहेत. ते महाबीजमार्फत गावोगाव पोचवणे हे राज्याच्या हातातले काम आहे.

राहिला भेसळीचा आक्षेप. सेंद्रियच्या नावाखाली काहीही विकले जाते ही तक्रार रास्त आहे. अमेरिकेने २०२१ मध्ये भारतीय सेंद्रिय प्रमाणन व्यवस्थेला दिलेली मान्यता काढून घेण्याचा निर्णय घेतला, तो उगाच नव्हे. सहभाग हमी पद्धतीत शेतकरीच एकमेकांची तपासणी करतात. ती स्वस्त आहे आणि लहान गटांना परवडते, पण तिच्यात भिडस्तपणाही शिरतो. सरकारी खरेदीचा मोठा फायदा इथेच आहे. एक किलो डाळ घेणारे घर काही हजार रुपये मोजून तिचे अंश तपासू शकत नाही. पन्नास क्विंटलचा लॉट घेणारा खरेदीदार मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना पाठवू शकतो, निकाल शाळेच्या फलकावर लावू शकतो आणि अंश सापडला तर लॉट परत करू शकतो. एक पथ्य मात्र पाळावे लागेल: शेजारच्या वावरातून उडालेल्या फवाऱ्याचा सूक्ष्म अंश आणि जाणूनबुजून केलेली फसवणूक यांत फरक करणारा नियम आधीच लिहून ठेवावा, नाहीतर पहिल्याच अहवालात प्रामाणिक गट बदनाम होतील.

असे काही कुठे झाले आहे का, असे आपले सचिव विचारतील. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के वाटा लहान शेतकरी कुटुंबांकडच्या खरेदीसाठी राखला आणि सेंद्रिय मालाला ३० टक्क्यांपर्यंत जास्त भाव देण्याची मुभा ठेवली. कोपनहेगन शहराने २००७ पासून आपल्या सार्वजनिक स्वयंपाकघरांतले अन्न जवळपास नव्वद टक्के सेंद्रिय केले. तिथे वाया जाणारे अन्न आणि मांस कमी करून खर्च सांभाळला गेला. आपल्या देशातच आंध्र प्रदेशात तिरुमला देवस्थान नैसर्गिक शेतीतला माल प्रसादासाठी घेऊ लागले आहे. महाराष्ट्रात तर डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे सेंद्रिय शेतीचे मिशन २०१८ पासून विदर्भात गट बांधत आहे. पण शेतकऱ्यांना प्रशिक्षण दिले, गट नोंदवले, खताचे खड्डे काढले, आणि माल तयार झाल्यावर तो त्याच बाजार समितीत, त्याच काट्यावर, त्याच भावाने गेला, तर तिसऱ्या वर्षी गट विरघळतो. अशा योजनांत खर्च सगळा पिकवण्यावर होतो, विकण्यावर होत नाही.

म्हणून खरेदीच्या अटी नेमक्या असाव्यात. प्रमाणपत्र मिळायला हंगामी पिकांत दोन वर्षांहून अधिक काळ जातो, आणि नेमक्या त्याच काळात उतारा घसरतो आणि भाव मिळत नाही; तेव्हा रूपांतर काळातला मालही, त्याची वेगळी नोंद ठेवून, वाढीव दराने घ्यावा. पैसे पंधरा दिवसांत खात्यात जमा व्हावेत, कारण उशिरा येणाऱ्या सरकारी पैशापेक्षा व्यापाऱ्याची रोकड कास्तकाराला नेहमी बरी वाटते. निविदेत लाखोंच्या अनामत रकमेची अट ठेवली तर गावातला बचत गट दारातच अडेल आणि मोठा ठेकेदार सेंद्रियची पाटी लावून आत येईल. तेवढे कृपा करून होऊ देऊ नका. पहिल्या वर्षी दोन-तीन तालुके पुरेत, जिथे गट आधीपासून उभे आहेत. निर्णय डिसेंबरच्या अधिवेशनात झाला तरी चालेल, पण दर आणि गटांची यादी मे संपण्याआधी गावात पोचली पाहिजे. मृगाचा पाऊस पडला की कास्तकाराच्या घरात बियाणे येऊन पडलेले असते, आणि त्यानंतर त्या वर्षाचे काही बदलत नाही.

कळावे.

आपला विश्वासू,
एक नागपूरकर